एकसष्ट तासांचा हिशेब

मे महिन्यातली संध्याकाळ होती. नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना त्याविषयी अधिक सांगायला नको. कूलरच्या टाकीतले पाणी संपत आले होते आणि साडेसहाची पाळी सुरू करण्याआधी मी बादलीने त्यात पाणी ओतत होतो. तेवढ्यात मोबाईलवर ऑफिसचा मेल आल्याची खूण वाजली. हात पुसून वाचला. चारच ओळी होत्या. फेब्रुवारी ते एप्रिल २०२४ या तीन महिन्यांत मी टाइमशीटवर जे तास भरले, त्यांपैकी एकसष्ट तासांत काम झाल्याचा पुरावा यंत्रणेत आढळत नाही. हे तास खोटे भरले आहेत असे का समजू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.

मेल इंग्रजीत होता. इंग्रजीत असल्या गोष्टी जरा सभ्य वाटतात. पण त्याच ओळी मनात मराठीतून उमटू लागल्या तेव्हा त्यांचा एकच अर्थ झाला. तुम्ही चोरी केली आहे.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही. तिथे आजही माझ्या ओळखीच्या अनेकांचे पोट आहे, आणि माझेही आहे. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिले विमा कंपन्यांकडे जाण्यापूर्वी ती तपासण्याचे आमचे काम. डॉक्टरने लिहिलेला रुग्णाचा अहवाल वाचायचा आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला संकेतांक लावायचा. नुसत्या आजारांचेच संकेतांक सत्तर हजारांच्या आसपास आहेत. एक आकडा चुकला की बिल परत येते. म्हणजे हे काम बोटांचे कमी आणि डोळ्यांचे, डोक्याचे जास्त. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कंपनीने संगणक घरी पोचवले, आणि आमच्यापैकी काही जण तेव्हापासून घरूनच काम करू लागलो. आईच्या आजारपणामुळे मला ते फार सोयीचे पडले, हेही कबूल करतो.

चौकशी व्हिडिओवर झाली. पलीकडे तीन चेहरे. एक माझे वरिष्ठ, दोन मी कधीही न पाहिलेले. मी बावीस वर्षांच्या नोकरीत कुणाचा रुपया इकडचा तिकडे केला नव्हता, पण त्या दिवशी आरोपी कसा बसतो हे कळले. खुर्चीत नीट बसावे तरी वाटते आपण नाटक करतो आहोत, आणि पाठ टेकली तर बेफिकीर दिसतो. "या तारखेला सहा वाजून तीस मिनिटांपासून सात तीसपर्यंत तुम्ही काय करत होतात?" असा प्रश्न. दोन महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी संध्याकाळी तुम्ही काय करत होतात, हे वाचकांपैकी कुणी शपथेवर सांगू शकेल का? मी म्हणालो, "काम करत होतो." समोरून उत्तर आले, "सिस्टीम तसं म्हणत नाही."

आमचे घर दोन खोल्यांचे. मधली भिंत कसली, लाकडी पार्टिशनच. कॉल संपवून मी आत गेलो तेव्हा आई पलंगावर उठून बसली होती. "काय झालं रे बाबू? कोण चोर म्हणून राहिलं तुला?" चोर हा शब्द त्या तासाभरात कुणी उच्चारलाच नव्हता. माझ्या आवाजावरून तो तिला ऐकू आला होता.

आता ही 'सिस्टीम' म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्यासारख्या घरांतून ती हळूच शिरली आहे आणि पुष्कळांना तिचा पत्ता नाही. संगणकात एक प्रोग्राम बसवलेला असतो. कळफलकाला किंवा माउसला हात लागला की तो नोंद करतो. ठरावीक मिनिटे हात लागला नाही की 'रिकामा वेळ' म्हणून लिहितो. मधूनमधून पडद्याचे छायाचित्र घेतो. बस, एवढेच. माणूस काम करतो की नाही हे त्याला कळत नाही. बोटे हलतात की नाही हे कळते. एखाद्या हृदयरोग्याचा गुंतागुंतीचा अहवाल समोर ठेवून मी दहा मिनिटे विचार करत बसलो, तर ती दहा मिनिटे रिकामी. नव्या मुलामुलींचे अडलेले प्रश्न मी मोबाईलवर सोडवत असे. एकेक फोन पंधरा-वीस मिनिटांचा. तेही रिकामे. उलट कुणी उगीचच माउस गोल गोल फिरवत क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत बसला, तर तो उत्तम कामगार.

मी वाद घालू शकलो असतो, पण एकसष्ट हा आकडा मला स्वतःलाच पटत नव्हता. विचार करण्यात आणि फोनवर फार तर वीसेक तास गेले असतील. उरलेले चाळीस कुठून आले? आपणच कुठे पेंगलो का, अशीही शंका येऊ लागली. आरोपाचा हा एक गुण आहे. तो पुरेशा ठामपणे केला की निर्दोष माणूसही स्वतःची झडती घेऊ लागतो.

कोडे सोडवले ते बायकोने. ती शाळेत गणित शिकवते. मेलसोबत आलेली नोंदीची पाने तिने छापून आणली आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पसरली. थोड्या वेळाने मला हाक मारली. "अहो, तुमची पाळी साडेतीनला संपते ना? मग हे रोज पहाटे साडेचारपर्यंत कोण काम करतंय?" पाहतो तर खरेच. ११ मार्चपासून प्रत्येक पाळीत संध्याकाळी साडेसहा ते साडेसात कोरे, आणि पहाटे साडेतीन ते साडेचार भरगच्च काम. त्या वेळी मी अंथरुणात असतो. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे मी जागेपणी झोपत होतो आणि झोपेत काम करत होतो.

उलगडा सोपा होता. अमेरिकेत दर वर्षी मार्चमधल्या एका रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. २०२४ साली तो रविवार १० मार्चला आला. आमच्या नोंदी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेळेने साठवल्या जात आणि मग त्यात साडेदहा तास मिळवून भारतीय वेळ काढली जाई. १० मार्चनंतर साडेनऊच मिळवायला हवे होते. घरच्या मशीनांसाठी ते कुणी बदललेच नव्हते. त्यामुळे माझी सगळी पाळी एक तास पुढे सरकली. पहिला तास 'गैरहजर' ठरला आणि शेवटचा तास पाळीबाहेरचा म्हणून धरला नाही. बायकोने पेन्सिलने मोजले. ११ मार्च ते ३० एप्रिल, सदतीस कामाचे दिवस. पाडव्याची सुट्टी आणि १९ एप्रिलचा मतदानाचा दिवस वजा करून पस्तीस पाळ्या. पस्तीस पाळ्यांचे पस्तीस तास.

इथे मला बाबांची आठवण होणे साहजिक होते. बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, टाइम ऑफिसात. आजच्या पिढीला स्टेशनजवळचा एम्प्रेस मॉल ठाऊक आहे. त्या जागी गिरणी होती आणि तिच्या भोंग्यावर अर्ध्या नागपूरची घड्याळे लागत, हे आता सांगावे लागते. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यात आले, म्हणून नाव एम्प्रेस. २००२ साली गिरणी बंद पडली. बाबांचे काम हजेरीचे. कोण किती वाजता आत आला, किती मिनिटे उशीर, कुणाचा खाडा. सबंध आयुष्य त्यांनी लोकांच्या वेळेची नोंद केली, आणि तरी मोहल्ल्यात त्यांना लोक मानत. कारण विचारले तर म्हणायचे, "खाडा लिहिण्याआधी मी माणसाला विचारतो. रजिस्टर काय, लिहाल ते खरं मानते."

या गिरणीचीच एक गोष्ट टाटांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. सुरुवातीच्या काळात कामगार फार गैरहजर राहत. रोज एक मोठा हिस्सा कामावर यायचाच नाही. शेतीची कामे, लग्नकार्ये, कंटाळा, सगळेच. त्या काळचा दुसरा एखादा मालक दंडाचा सोटा उगारता. जमशेटजींनी निवृत्तिवेतनाचा फंड काढला, अपघाताच्या भरपाईची सोय केली, कामगारांच्या कुटुंबांसह खेळांचे आणि बक्षिसांचे दिवस भरवले. त्या बक्षिसांत सोन्याच्या साखळ्या असत, रोख रक्कम असे आणि घड्याळेही असत. सन १८८६ मध्ये निवृत्तिवेतन म्हणजे काय हे आपल्याकडे गिरणी कामगाराने ऐकलेही नसेल. अर्थात तो काही स्वर्ग नव्हता. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी मजुरीवरून तिथे संप झाला, आणि हिंदुस्थानातला नोंद झालेला पहिला संप म्हणून त्याचा उल्लेख करतात. पण गैरहजेरी दिसली की 'हा का येत नाही' असे विचारायचे, की 'याला पकडा' म्हणायचे, यातला फरक त्या माणसाला समजला होता.

घड्याळाचा उल्लेख मी मुद्दाम केला. त्याच नागपुरात, कोरोनाच्या जरा आधी, महानगरपालिकेने हजारो सफाई कामगारांच्या मनगटांवर घड्याळे बांधली. बक्षिसाची नव्हेत. त्यांत जी.पी.एस. होते, कामगार नेमून दिलेल्या हद्दीत आहे की नाही, किती वेळ आहे, हे नियंत्रण कक्षात पडद्यावर दिसे आणि हजेरी व पगार त्याच्याशी जोडलेला होता. रस्ते झाडायला माणसे येतच नाहीत, नावावर दुसरेच काम करतात, ही महापालिकेची तक्रार अगदीच खोटी नव्हती. नागपूरकरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या केली आहे, मीही केली आहे. पण घड्याळ बिघडले, चार्ज संपला, उपग्रहाने जागा चुकीची दाखवली तर पगार कुणाचा कापायचा? चंदीगड आणि पंचकुला या शहरांतही हीच घड्याळे आली, आणि तिथल्या बायकांनी उघडपणे सांगितले की, स्वच्छतागृहात जातानाही हे मनगटावरचे यंत्र आपल्याला पाहते-ऐकते की काय अशी धास्ती वाटते. चंदीगडला त्याविरुद्ध मोर्चे निघाले.

मी तेव्हा पेपरात ती बातमी वाचली होती, चहा पितापिता. पान उलटून पुढे गेलो. ती घड्याळे झाडूवाल्यांसाठी होती ना! आपण शिकलेले, संगणकावर बसणारे. आपल्या मनगटावर कोण बांधणार? चार वर्षांनी कळले की आमच्याही हाताला ते बांधलेलेच होते, फक्त दिसत नव्हते.

मालकांची बाजू अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. माउस आपोआप हलवणारी उपकरणे बाजारात उघड मिळतात. ती कुणीतरी घेतेच आहे. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेने २०२४ साली कळफलक चालू असल्याचा देखावा केल्याबद्दल डझनभराहून अधिक जणांना काढले. आपल्याकडे विप्रोने २०२२ मध्ये एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांचेही काम करणाऱ्या तीनशे जणांना घरी पाठवले. घरून काम करताना लबाडी होते. ऑफिसातही होते, तिथे तिला कॅन्टीन म्हणतात, एवढेच.

प्रश्न पकडण्याचा नाही, पकडल्यानंतर काय करता याचा आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२३ च्या जानेवारीत एक निकाल लागला. घरून काम करणाऱ्या एका हिशेबनीस बाईंना कंपनीने पन्नासेक तास खोटे भरल्याबद्दल काढले होते, त्या न्यायाधिकरणाकडे गेल्या आणि हरल्या. वर त्या तासांचे पैसे परत करण्याचा हुकूम झाला. मला त्या निकालाचा राग येत नाही. बाई म्हणाल्या, मी कागदावर छापून काम करत होते. कंपनीने दाखवले की छपाईचीही नोंद होते आणि तेवढे कागद छापलेलेच नाहीत. शिवाय कागदावरचे काम शेवटी संगणकात भरावे लागतेच, ते भरलेले नाही. म्हणजे बाईंचे म्हणणे कुणीतरी ऐकले, तपासले आणि मग नाकारले. तिसऱ्या माणसासमोर. हरण्यातही एक मान असतो तो इथे होता.

आणि ऐकलेच नाही तर काय होते, तेही जगाने पाहिले. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेबाची यंत्रणा गावोगावच्या पोस्टांत बसवली. ती चुकीची तूट दाखवू लागली. पोस्ट चालवणारी साधी माणसे, त्यांत आपल्याकडून तिकडे स्थायिक झालेलीही कितीतरी, फोन करून सांगत होती की आकडे जुळत नाहीत. यंत्र चुकत नाही, तुम्हीच पैसे खाल्ले, असे उत्तर मिळे. २०१५ पर्यंत नऊशेंहून अधिक जणांना चोरी आणि खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरवले गेले. काहींनी घर विकून न झालेली तूट भरली, काही तुरुंगात गेले. अखेर मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसून टाकाव्या लागल्या. योगायोग असा की, मला नोटीस आली त्याच महिन्यात. अर्थात एकसष्ट तासांची आणि त्या माणसांच्या उद्ध्वस्त आयुष्यांची तुलना करण्याएवढा मी वेडा नाही. पण "सिस्टीम तसं म्हणत नाही" हे वाक्य मात्र तेच होते.

कामगाराला दंड करण्यापूर्वी खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे आपल्याकडे इंग्रजांच्या काळातल्या १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यात लिहिले होते. नव्या वेतन संहितेतही ते आहे. तेव्हा नवे काही मागायचेच नाही. खुलासा मागितला, तर तो वाचावा. ज्या नोंदीवरून आरोप करता ती नोंद पूर्ण दाखवावी, आणि यंत्र बरोबर चालते आहे हे आधी आरोप करणाऱ्याने पाहावे, ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या बायकोने ओट्यावर बसून नव्हे. माझ्या बाबतीत निदान पाने जोडलेली होती, म्हणून मी सुटलो. नुसता आकडा कळवला असता तर?

दुसऱ्या कॉलवर मी घड्याळाची गोष्ट मांडली. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "चेक करून कळवतो." नऊ दिवसांनी मेल आला. पस्तीस तास वगळण्यात आले होते. फोन आणि वाचन यांचे बावीस तास, मी मुलामुलींच्या कॉलच्या तारखा दिल्यामुळे, मान्य झाले. चार तास उरले. त्यांचे पैसे पगारातून कापण्यात येत आहेत आणि प्रकरण बंद करण्यात येत आहे. दिलगिरीचा एक शब्द नव्हता. तो असायला हवा होता असे मला तेव्हा फार वाटले. आता कमी वाटते.

त्या चार तासांविषयी मात्र इथे लिहिले पाहिजे. मार्चमध्ये एका रात्री आईला दम लागला. मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेले, परत आल्यावर काम पुरे केले आणि टाइमशीटवर नेहमीसारखी पूर्ण पाळी भरली. दीड तास त्यात माझा नव्हता. बाकीचे अडीच कशाचे ते मला आजही आठवत नाही, पण हा दीड तास खरा. वरिष्ठांना एक फोन केला असता तर त्यांनी हो म्हटले असते. मी केला नाही, कारण रात्री दीड वाजता यंत्राला सुट्टी मागायची सवयच उरली नव्हती. तेवढे पैसे कापले गेले ते रास्त झाले. बाबा असते तर त्यांनीही खाडाच लिहिला असता, फक्त आधी विचारले असते.

तशी नोटीस आम्हा सात जणांना आली होती. त्यांत वर्ध्याची एक मुलगी होती, माझ्याच हाताखाली शिकलेली, लग्न ठरलेले. तिने खुलासा दिलाच नाही. सासरी कळले तर काय, या भीतीने तिसऱ्या दिवशी राजीनामा पाठवून मोकळी झाली. घड्याळाचा घोळ उघडकीला आला तोवर तिचे कंपनीतले खाते बंद झाले होते, आणि बंद खात्याचा हिशेब पुन्हा काढण्याची गरज कुणाला वाटली नाही. मी फोन करून तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "सर, मग माझे किती निघाले?"

तिच्याजवळ नोटिशीचा मोबाईलवर काढलेला फोटो तेवढा होता. आकडा अठ्ठेचाळीस तासांचा. रजा वजा करता तिच्या पाळ्या चौतीस. राहिलेले चौदा कशाचे ते पाने पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि माजी कर्मचाऱ्यांच्या नोंदी देता येत नाहीत असे मला ऑफिसने कळवले आहे. निदान चौतीस तास काढून टाकल्याचे एक पत्र तिच्या नावाने द्या, एवढे मी मागितले. पहिल्या पत्राला उत्तर नाही, दुसऱ्याला पोच आली. तिसरे गेल्या सोमवारी पाठवले आहे.